यात्रिकक्रमण: एका ओळीत उरकलेलं पुस्तक

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना एक ओळ हटकून येते. १८४१ साली हरि केशवजी पाठारे यांनी जॉन बन्यनच्या 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या इंग्रजी रूपककथेचं 'यात्रिकक्रमण' या नावानं भाषांतर केलं. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पुढच्या ओळीत बाबा पदमनजींचं १८५७ चं 'यमुनापर्यटन' येतं, मग 'मुक्तामाला' ही कादंबरी, मग हरिभाऊ आपटे. मीही ती ओळ लिहून गुण मिळवले आहेत. मूळ पुस्तक हातात आलं ते फार पुढे, आणि पहिल्या वीस पानांतच वाटून गेलं की आपल्यापासून काहीतरी काढून घेतलं गेलं होतं.

माझी मागणी साधी आहे. हे पुस्तक मराठीच्या वर्गात, निदान पदव्युत्तर अभ्यासक्रमात, अथपासून इतिपर्यंत वाचलं जावं. ते ख्रिस्ती आहे हे लपवू नये, आणि ख्रिस्ती आहे म्हणून चर्चच्या आवारात ठेवून मोकळंही होऊ नये. ते कसं वाचायचं यावरही माझं ठाम मत आहे, कारण ज्या थोड्या ठिकाणी ते वाचलं जातं तिथेही बहुधा त्याची किल्लीच वाचली जाते.

किल्ली म्हणजे काय ते सांगतो. बायबल अभ्यासवर्गांसाठी या पुस्तकाच्या ज्या संक्षिप्त आवृत्त्या आणि प्रश्नपत्रिका असतात, त्यांत एक तक्ता असतो. ओझं म्हणजे पाप. चिखल म्हणजे निराशा. अरुंद दार म्हणजे ख्रिस्त. नदी म्हणजे मृत्यू. डावीकडची वस्तू उजवीकडच्या अर्थाशी जोडली की अभ्यास झाला. विद्यापीठातही जिथे इंग्रजीच्या वर्गात बन्यन येतो, तिथे 'रूपककथेचं उदाहरण' म्हणून हाच तक्ता वेगळ्या शब्दांत दिला जातो.

एकनाथांचं विंचवाचं भारूड ऐकलेल्या माणसाला यातली चूक लगेच कळायला हवी. त्या भारुडात अर्थ लपवलेलाच नाही. 'कामक्रोध विंचू चावला' असं सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. तरी माणसं रात्र रात्र बसून बघतात, कारण त्यांना तो चावलेला माणूस बघायचा असतो: त्याचा घाम, त्याची तडफड, त्याच्या तोंडून निघणारे शब्द. अर्थ पहिल्या ओळीत कळला, तरी भारूड संपत नाही. बन्यनचंही तसंच आहे. त्यानं पात्रांची नावंच अर्थावरून ठेवली आहेत, तेव्हा उलगडून सांगण्यासारखं कोडं त्यात मुळी नाही. आहे तो रस्ता, आणि त्या रस्त्यावरची माणसं.

रस्ता त्याला माहीत होता. बन्यन १६२८ मध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावात जन्मला. बाप भांड्यांना डाक लावणारा, आणि पोरानंही तोच धंदा उचलला. गावोगाव फिरायचं, दारात बसायचं, फुटकी भांडी सांधून द्यायची. त्याचं नाव आणि १६४७ हे साल कोरलेली एक लोखंडी ऐरण बेडफर्डच्या संग्रहालयात आहे. ती पाठीवर घेऊन चिखलाच्या वाटा तुडवलेल्या माणसानं आपल्या नायकाच्या पाठीवर ओझं दिलं, यात मला नवल वाटत नाही. तक्त्यात ओझं म्हणजे पाप, बरोबरच आहे. पण ते खांद्याला कुठे रुततं, चिखलात पडल्यावर त्याच्यामुळे माणूस आणखी कसा खाली जातो, आणि शेवटी क्रूसापाशी ते सुटून उतारावरून घरंगळत थडग्याच्या तोंडात कसं नाहीसं होतं, हे ज्याची पाठ दुखलेली आहे तोच लिहू शकतो.

चिखलाचंच बघा. नायक, त्याचं नाव ख्रिस्ती, नाशनगरातून स्वर्गनगराकडे पळत निघतो आणि पहिल्याच टप्प्यावर निराशेच्या दलदलीत पडतो. बरोबर आलेला शेजारी, ज्याचं नावच लवचीक, तोही पडतो. रागावून घराकडच्या काठाला लागतो आणि परत जातो. ख्रिस्ती मात्र घरापासून लांबच्या काठाकडे धडपडत राहतो. मदत करणारा माणूस त्याला बाहेर ओढतो. तेव्हा कथा सांगणारा त्या मदतनीसालाच विचारतो, हा रस्ता दुरुस्त का करत नाहीत? उत्तर ऐकण्यासारखं आहे. राजाचे मजूर सोळाशे वर्षं इथे काम करत आहेत. उत्तमोत्तम उपदेशाच्या निदान वीस हजार गाड्या या चिखलात रिचवल्या, तरी तो चिखलच आहे. प्रवचनांवर जगलेला, प्रवचनांसाठी तुरुंगात गेलेला माणूस लिहितो की उपदेशानं हा खड्डा भरत नाही. 'चिखल म्हणजे निराशा' या तीन शब्दांत यातलं काय उरतं?

तुरुंगाचा उल्लेख झालाच आहे. हे पुस्तक ज्या परिस्थितीत जन्मलं ती बाजूला ठेवून ते शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. काही वर्षं राजाविना गेल्यावर १६६० मध्ये इंग्लंडात राजा परत आला आणि अधिकृत चर्चबाहेर सभा भरवणाऱ्यांवर जुना कायदा पुन्हा उगारला गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बन्यनला अशाच एका सभेत पकडलं. गुन्हा एवढाच, की भांडी सांधणारा माणूस परवानगीवाचून उपदेश करत होता. शिक्षा सुरुवातीला तीन महिन्यांची होती. पुन्हा उपदेश करणार नाही एवढं कबूल केलं असतं तर तो घरी गेला असता. तो म्हणाला, आज सोडलंत तर देवाच्या साहाय्यानं उद्या पुन्हा उपदेश करीन. तीन महिन्यांची बारा वर्षं झाली. १६७२ मध्ये तो सुटला, काही वर्षांनी पुन्हा काही महिने आत गेला. पुस्तकाचा पहिला भाग १६७८ मध्ये लंडनच्या नथॅनिएल पाँडरनं छापला. कथेचं पहिलंच वाक्य सांगतं की या जगाच्या रानातून चालता चालता मला एक गुहा लागली, तिथे मी झोपलो आणि स्वप्न पाहिलं. समासात त्या गुहेचा खुलासा एका शब्दात केला आहे: तुरुंग.

आता त्या कथेतल्या व्यर्थनगरच्या जत्रेकडे जा. घरं, जमिनी, पदव्या, राज्यं, सुखं, बायका, नवरे, मुलं, सगळं तिथे विकायला आहे. ख्रिस्ती आणि त्याचा सोबती हे दोन वाटसरू काहीच विकत घेत नाहीत, म्हणून त्यांना पकडतात. विश्वासू नावाच्या त्या सोबत्यावर खटला चालतो. ज्यूरीचा प्रमुख आंधळा, न्यायाधीशाच्या नावातच सज्जनद्वेष, साक्षीदारांत मत्सर आणि चुगलखोर. न्यायाधीश कायद्याचे दाखले देतो ते फारोचे, नबुखद्नेस्सराचे आणि दारयावेशाचे. म्हणजे बायबलातल्या जुलमी फर्मानांनाच तो आदर्श नजीर मानतो. विश्वासूला जाळून मारतात. हे लिहिणारा स्वतः अशाच न्यायासनापुढे उभा राहिलेला होता. राज्य, कायदा आणि विवेक यांच्या झगड्यावर सतराव्या शतकातल्या एका कारागिरानं लिहिलेली ही पानं आहेत. ती आपल्या विद्यार्थ्यांनी वाचू नयेत असं वाटण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

कारणं मात्र सांगितली जातात. पहिलं हे, की हा धर्मप्रचाराचा ग्रंथ आहे आणि सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयात त्याला जागा नसावी. मराठीच्या वर्गात लीळाचरित्र शिकवतात, ज्ञानेश्वरी शिकवतात, तुकोबांची गाथा शिकवतात. महानुभाव दीक्षा घेतल्याशिवाय लीळाचरित्रावर प्रश्न सोडवता येत नाही असं कोणी म्हणत नाही. फादर स्टीफन्सचं १६१६ मधलं ख्रिस्तपुराण वाङ्मयेतिहासात मानानं येतं. धर्मग्रंथ गाळायचे ठरवलं तर एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या मराठीत आपल्या हाती फारसं काही राहणार नाही.

या आक्षेपाची एक बाजू खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बेडफर्डमध्ये हे पुस्तक कैद्याचं होतं. मुंबईत १८४१ मध्ये ते आलं तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. १८१३ च्या सनदी कायद्यानं मिशनऱ्यांना दार उघडलं होतं, शाळा, छापखाने, कोश हे सगळं सत्तेच्या सावलीत वाढत होतं. ज्या पुस्तकात दुबळ्या माणसाला सत्ताधीश छळतात, ते इथे सत्ताधीशांच्या धर्माचं पुस्तक म्हणून उतरलं. त्याच वर्षांत मादागास्करमध्ये नेमकं उलट घडत होतं. राणी पहिली रानावालोना हिनं १८३५ मध्ये आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्म बंद केला होता, आणि छळ सोसणारे तिथले ख्रिस्ती लोक मलागासी भाषेतल्या याच पुस्तकाच्या हातानं उतरवलेल्या प्रती लपवून वाचत होते. मजकूर एक, काळ एक, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावरचं राज्य वेगळं. वसाहतकाळातल्या भाषांतरावर बोलायचं असेल तर यापेक्षा चांगला धडा शोधून सापडायचा नाही. तो धडा शिकवायचा तर पुस्तक उघडावं लागेल.

आणि भाषेचा मुद्दा तर अजून काढलाच नाही. १८४१ ची मराठी डोळ्यांपुढे आणा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, 'दर्पण' हे वृत्तपत्र १८३२ चं. कल्पित गोष्ट सलग गद्यात, शेकडो पानं, संवादांसह सांगायची तर पुढे ठेवायला तयार नमुना नव्हता. बखर होती, पंचतंत्राच्या वळणाच्या कथा होत्या. आडवाटेवर भेटलेली दोन साधी माणसं गप्पा मारत चालली आहेत, एक बनवाबनवी करतोय आणि दुसऱ्याला ते हळूहळू कळतंय, असा प्रसंग मराठी गद्यात उभा करणं हे नवंच काम होतं. पुढच्या कादंबरीची कितीतरी कौशल्यं त्या कामात घडली असणार. सोळा वर्षांनी आलेल्या 'यमुनापर्यटना'त एक स्त्री प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती ऐकते. प्रवास, वाटेतली माणसं, त्यांचं बोलणं. बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले लेखक, तेव्हा ही ठेवण त्यांना कुठून सुचली असेल याचा विचार अभ्यासकांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून करावा. एका ओळीत दोन्ही नावं लिहून तो होत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेनं येतो, श्रद्धावंतांकडून. साहित्य म्हणून वाचलं की पुस्तकातला प्राण जातो, तारणाची वाट केवळ 'कथानक' होते, असं ते म्हणतात. मला त्यांची कळकळ कळते. पण हा वाद पुस्तकाइतकाच जुना आहे. आरंभीच्या पद्यात बन्यननं सांगितलं आहे की मी दुसरंच काही लिहीत होतो आणि अचानक या रूपककथेत येऊन पडलो. मित्रांना दाखवलं तर काही म्हणाले जॉन, छाप, काही म्हणाले छापू नकोस. कल्पित गोष्टीत देवाची वाट सांगावी का, अशी शंका त्याच्या स्वतःच्या मंडळीलाच आली होती. त्यानं छापलं. गोष्टीवर त्याचा विश्वास होता, तेवढा तरी आपण ठेवावा.

गोष्टीवर विश्वास ठेवला की तक्त्यात न मावणाऱ्या जागा दिसू लागतात. पहिली तर अगदी सुरुवातीलाच. ख्रिस्ती घरातून पळत सुटतो. बायको आणि मुलं मागून हाका मारतात, परत ये म्हणून रडतात. तो कानात बोटं घालतो आणि 'जीवन, जीवन, सार्वकालिक जीवन' असं ओरडत धावत राहतो, मागे वळूनही बघत नाही. मुलांसाठीच्या आवृत्त्यांत हा प्रसंग सौम्य करतात. अभ्यासवर्गात 'येशूसाठी सर्वस्वाचा त्याग' असं उत्तर लिहून घेतात. मला पहिल्या वाचनात संताप आला होता, आणि तो संताप चुकीचा होता असं आजही वाटत नाही.

त्याच्या शेजारी लेखकाचं आयुष्य ठेवून पाहा. बन्यन आत गेला तेव्हा त्याची पहिली बायको वारली होती, तिची चार मुलं घरी होती, आणि थोरली मेरी जन्मांध. दुसरी बायको एलिझाबेथ तरुण होती, गरोदर होती. नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्यानं अकाली बाळंत झाली आणि मूल गेलं. १६६१ च्या ऑगस्टमध्ये ती बेडफर्डच्या न्यायाधीशांपुढे एकटी उभी राहिली. नवरा उपदेश सोडेल का, असं विचारल्यावर म्हणाली, बोलता येतंय तोवर तो सोडू धजणार नाही. चार पोरं आहेत, एक आंधळं आहे, लोकांच्या दयेवर जगतो आहोत, हेही तिनं सांगितलं. आणि शेवटी हे, की तो भांडी सांधणारा आणि गरीब आहे, म्हणूनच त्याचा तिरस्कार होतो आणि त्याला न्याय मिळत नाही. मॅथ्यू हेल नावाचा न्यायाधीश तिच्याशी नरमाईनं बोलला, पण हाती काही आलं नाही. आत बन्यन बुटांच्या नाड्यांना टोकं बसवून घरी चार पैसे पाठवत होता. आत्मचरित्रात तो लिहितो की बायकामुलांपासूनची ताटातूट म्हणजे हाडांवरून मांस ओढून काढण्यासारखं होतं, आणि त्यातही त्या आंधळ्या पोरीचा विचार सगळ्यांत जास्त.

कानात बोटं घालून पळणारा माणूस या बापानं लिहिला. बोटं घालावी लागली, कारण हाका ऐकू येत होत्या. हे कळल्यावरही माझा संताप पूर्ण निवळला नाही, पण त्याची जात बदलली. विद्यार्थ्याला या जागेवर आणून सोडणं आणि त्याला घाई न करणं, एवढं शिक्षकानं करावं.

बन्यनलाही ती जागा सलत राहिली असावी. १६८४ मध्ये त्यानं दुसरा भाग काढला. त्यात मागे राहिलेली बायको, ख्रिस्तियाना, चार मुलगे घेऊन त्याच वाटेनं निघते. बरोबर शेजारची दया नावाची मुलगी. हा प्रवास पार वेगळा आहे. माणसं घोळक्यानं चालतात, वाटेत आजारी पडतात, लग्नं होतात, मुलं मोठी होतात, थकलेल्यांसाठी वाटाड्या थांबतो. पहिल्या भागातला एकाकी, धापा टाकणारा वाटसरू आणि ही रमतगमत जाणारी मंडळी. दिंडीबरोबर एकदा तरी चाललेल्या वाचकाला दुसरा भाग जास्त ओळखीचा वाटेल. अभ्यासक्रम आखणारे तो जवळजवळ नेहमी गाळतात. गाळू नये.

दुसरी अवघड जागा पहिल्या भागाच्या अगदी शेवटी आहे. अज्ञान नावाचा एक उत्साही तरुण वाटेत भेटत राहतो. भला आहे, गप्पिष्ट आहे, आपण चांगलं वागतो म्हणजे पोचूच अशी त्याची खात्री आहे. तो नदी सहज पार करतो, स्वर्गनगराच्या दाराशी येतो, आणि दाखवायला प्रवेशाचं पत्र नाही म्हणून त्याचे हातपाय बांधून त्याला डोंगराच्या कुशीतल्या एका दारातून नरकात टाकतात. स्वर्गाच्या वेशीपासूनही नरकाला वाट जाते हे मला तेव्हा दिसलं, असं सांगून निवेदक जागा होतो. पुस्तकाच्या टोकाला ही क्रूरता आहे, आणि ती बन्यनच्या कॅल्विनपंथी श्रद्धेतून, म्हणजे तारण माणसाच्या कर्मांनी नव्हे तर देवाच्या निवडीनं मिळतं या श्रद्धेतून, आलेली आहे. ती मला मान्य नाही. मान्य नसलेल्या गोष्टीशी झुंजायला वर्गाइतकी योग्य जागा दुसरी कुठली?

संशयाच्या किल्ल्याचा प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वसतिगृहात एकट्या राहणाऱ्या पोरांना तो वाचायला मिळावा असं मला मनापासून वाटतं. ख्रिस्ती आणि त्याचा पुढचा सोबती आशावंत पायाला सोपी वाटली म्हणून कुरणातली आडवाट धरतात आणि निराशा नावाच्या राक्षसाच्या हाती सापडतात. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अंधारकोठडी, अन्नपाणी नाही. राक्षस रात्री बायकोशी सल्लामसलत करतो, सकाळी येऊन झोडपतो, आणि मग सुचवतो की जीवच द्या: सुरी आहे, दोरी आहे, विष आहे. ख्रिस्ती तयार होऊ लागतो. आशावंत त्याला अडवतो, आणि कसा अडवतो ते पाहा. जीव देणं पाप आहे हे तो सांगतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. कुणी सांगावं, तो राक्षस मरेलही. एखाद्या दिवशी कुलूप लावायला विसरेल. ऊन पडलं की त्याला झटके येतात, हातांतलं बळ जातं. पुन्हा येईल झटका. थोडं थांबू या. हताश माणसाजवळ बसलेला मित्र असंच बोलतो. पुढे ख्रिस्तीला आठवतं की वचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. तीन दारं उघडतात, पण शेवटच्या लोखंडी फाटकाचं कुलूप फार जड फिरतं, असं बन्यन लिहितो. तक्ता करणाऱ्यांनी 'किल्ली म्हणजे देवाचं वचन' लिहिलं आणि ते जड फिरणं गाळलं.

दुसऱ्या भागात हाच किल्ला पाडतात आणि आतून दोन कैदी निघतात: खिन्न नावाचा म्हातारा आणि त्याची मुलगी, जिचं नावच फार भ्यालेली. दोघंही मंडळीबरोबर चालू लागतात. शेवटी नदीकाठी म्हाताऱ्याला बोलावणं येतं, आणि मुलगी म्हणते मी बरोबर जाईन. तो पाण्यात उतरताना रात्रीचा निरोप घेतो, दिवसाचं स्वागत करतो. मुलीबद्दल बन्यननं एकच वाक्य लिहिलं आहे: ती गात गात नदीपार गेली, पण ती काय म्हणत होती ते कोणालाच कळलं नाही.